फाडून वापरायचं पुस्तक

आज न्यू जर्सीत सनफिश पाँड या तळ्यापर्यंत चाललो. वाटेत जॉर्जियाहून चालत आलेल्या एक बाई भेटल्या, सत्तरीच्या असाव्यात. खिशात वाटेच्या मार्गदर्शक पुस्तकाची फाडलेली पानं! वजन वाचवायला पुढच्या टप्प्याची तेवढीच जवळ ठेवायची. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारे आपण; मला जरा कसंतरीच झालं.

पण मग ती पानं वाचतच बसलो. त्या चालत होत्या ती ॲपलाचियन ट्रेल म्हणजे जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंतची पायवाट, १४ राज्यं, साधारण ३,५०० किमी. पाणी कुठे, पुढचा निवारा किती लांब, गावातलं पोस्ट कधी उघडतं (शिधा स्वतःच्याच नावाने पोस्टात पाठवून ठेवतात!), सगळं या पुस्तकात, ‘थ्रू-हायकर्स कम्पॅनियन’मध्ये (थ्रू-हायकर म्हणजे अख्खी वाट चालणारा). माहिती गोळा करणारे स्वयंसेवक, लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांच्या १९८३ पासूनच्या संघटनेतले. स्वतः तंगडतोड केलेल्या माणसालाच सुचेल असा तपशील आहे. आता फोनवर ॲप्स आहेत, मान्य. पण बॅटरी संपली की संपलं.

झालेल्या पानांचं काय करता विचारलं, तर म्हणाल्या, “शेकोटी पेटवते.” न्यू जर्सीत या वाटेवर शेकोटीला बंदी, म्हणून इथली तेवढी साठली होती. दोन मी मागून घेतली.