नवा टर्बो, तोच धूर

आंब्याचा हंगाम उतरणीला लागला की हातखंब्याच्या आसपासच्या गॅरेजांमध्ये गाड्यांची रीघ लागते, कारण दोन-अडीच महिने पेट्या वाहून दमलेली गाडी पहिल्या पावसाआधी ठाकठीक करून घेण्याची घाई प्रत्येकालाच असते. अशाच एका मे महिन्यात पावसच्या बाजूचे एक बागायतदार, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, आपली १.३ लिटरची टर्बो डिझेल गाडी घेऊन माझ्याकडे आले. पीयूसी केंद्रावर गाडी नापास झाली होती. भारत स्टेज ४ च्या डिझेल गाडीसाठी धुराच्या घनतेची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, आणि तिथल्या यंत्राने जवळजवळ त्याच्या दुप्पट आकडा दाखवला होता.

तात्यांना आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट लागली होती. "टर्बो नवा घालून महिना झाला नाही हो," ते म्हणाले, "आणि आता तोच गॅरेजवाला सांगतो की रिंगा गेल्या, इंजिन उतरवू या. तुम्ही एकदा बघा, मग काय ते ठरवू." टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, घाटावरच्या एका गॅरेजमध्ये बदलला होता. जुना टर्बो त्यांनी मोडीत न देता गोणीत बांधून डिकीत ठेवला होता, आणि ही त्यांची सवय पुढे फार उपयोगी पडली.

डिझेल गाडीचा धूर पाहताना मी आधी रंग, मग वास आणि त्यानंतर धूर येण्याची वेळ पाहतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. टर्बोचा होज, म्हणजे हवेची नळी, फाटला, टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर चिरला, एअर फिल्टर तुंबला किंवा इंजेक्टर गळू लागला की तो येतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले कूलंट; कूलंट असेल तर गोडसर वास येतो आणि बाटलीतील पातळी उतरत जाते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. तात्यांच्या गाडीचा धूर निळसर होता, डोळ्यांना झोंबत होता, कूलंटची पातळी जागच्या जागी होती आणि हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑइल कमी होत होते. ऑइल जळते याविषयी शंका उरली नव्हती. ते कोणत्या वाटेने जळायला जाते, एवढेच शोधायचे होते.

त्याचे अर्धे उत्तर गाडी चालवणाऱ्या तात्यांच्या पुतण्याने न विचारता दिले. आंबा घाट चढताना धूर फारसा दिसत नाही, पण साखरप्याला गाडी चालू ठेवून थांबले की निघताना मागचा रस्ता दिसेनासा होतो, असे त्याने सांगितले. रिंगा, म्हणजे पिस्टनच्या कडेने वायू अडवणाऱ्या कड्या, झिजलेल्या इंजिनाची तऱ्हा याच्या उलट असते. लोड वाढला की जास्त वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आणि धूर वाढतो, म्हणजे घाटातच तो सर्वांत जास्त दिसायला हवा. आयडलिंगला साठलेले ऑइल रेस देताच एकदम जळते, तेव्हा माझी नजर आधी टर्बोकडे जाते.

खात्री करण्यासाठी मी स्वतः गाडीत बसलो, इंजिन बराच वेळ आयडलिंगला ठेवले आणि मग रेस दिली. निळ्या धुराचा लोट अंगणभर पसरला. पाय उचलला तरी इंजिनाचे फेरे उतरेनात, उलट आवाज चढू लागला. किल्ली फिरवून बंद केली तरी इंजिन धावतच राहिले. डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते. इंटरकूलरमध्ये साठलेले ऑइल हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाऊ लागले की तेच इंधन होते, आणि किल्लीने डिझेल तोडून काही उपयोग होत नाही. अशा वेळी इंजिन स्वतःचे ऑइल संपेपर्यंत किंवा तुकडे होईपर्यंत धावू शकते. मी ब्रेक पूर्ण दाबला, पाचवा गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडी जोरात हिसकली आणि इंजिन बंद पडले. सारे काही सेकंदांत घडले, पण तात्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. ही गाडी आता तपास पूर्ण होईपर्यंत सुरू करायची नाही, हे मी तिथल्या तिथे सांगून टाकले. धूर काढणारी गाडी घेऊन "अजून थोडे दिवस चालवू" म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकार एकदा पाहायला हवा, असे मला मनापासून वाटते.

इंजिन निवल्यावर टर्बोचे दोन्ही होज सोडले. फिल्टरकडून टर्बोत येणारा होज आतून नुसता तेलकट होता. ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी, नळी तिथेच येऊन मिळते, त्यामुळे तेवढा ओलावा चांगल्या गाडीतही असतो. टर्बोतून इंटरकूलरकडे जाणारा होज मात्र खाली करताच ऑइलची धार लागली. येण्याच्या बाजूला ओलावा आणि जाण्याच्या बाजूला धार, याचा अर्थ ऑइल टर्बोतच मिसळत होते. ब्रीदरमधून आले असते तर दोन्ही बाजू सारख्याच भरलेल्या दिसल्या असत्या.

मग नवा टर्बोच सदोष होता का? मी शाफ्ट बोटांत धरून हलवला. पुढे-मागे प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवत नव्हता, आडवा प्ले नेहमीइतका होता आणि चाक कुठेही घासलेले नव्हते. टर्बो निर्दोष होता आणि तरीही तो ऑइल सोडत होता. हे कोडे सुटायचे असेल तर टर्बोच्या आत काय असते ते माहीत असावे लागते. या लहान इंजिनांच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो आणि तो बेअरिंगला न टेकता ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी सील नसते. इतक्या वेगात आणि उष्णतेत रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि त्यांचे मुख्य काम बाहेरच्या वायूला आत येऊ न देण्याचे असते. ऑइल आत थांबते ते खालची वाट मोकळी असते म्हणून. पंपाच्या दाबाने ते बारीक पाईपमधून वर येते, बेअरिंगमधून फेसाळत बाहेर पडते आणि जाड रिटर्न पाईपमधून केवळ स्वतःच्या वजनाने इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या चेंबरकडे उतरते. कौलारू घराचे पन्हळ पानांनी तुंबले की पाणी भिंतीवर येते आणि कौले बदलून ते थांबत नाही; टर्बोचेही तसेच आहे. लोडखाली दोन्ही चाकांमागे वायूचा दाब असतो म्हणून ऑइल थोपून राहते, आयडलिंगला तो दाब नसतो आणि ते रिंगांवरून बाहेर सरकते. पुतण्याने घाटात पाहिले होते ते हेच.

परतीची वाट तीन कारणांनी अडू शकते. चेंबरमध्ये वायूचा दाब वाढलेला असू शकतो, ऑइल प्रमाणाबाहेर भरलेले असू शकते, किंवा पाईपच तुंबलेला असू शकतो. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर पुढे होते. सारखे कमी होते म्हणून पुतण्या दर वेळी थोडे जास्तच ओतत होता. ते जादा ऑइल काढले. दाबाचे कोडे सोडवायला इंजिन चालवणे भाग होते, म्हणून आधी इंटरकूलर आणि सगळे होज उतरवून, धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवले, आणि माझ्या हाताखालच्या मुलाला, इंजिन पुन्हा आवरेनासे झाले तर हवेचे तोंड बंद करण्याकरिता, जाड फळी घेऊन उभे केले. मग डिपस्टिकच्या नळीला पाणी भरलेली पारदर्शक यू आकाराची नळी जोडली. पाण्याच्या एक सेंटिमीटर उंचीला साधारण एक मिलिबार दाब, इतका सोपा हिशेब असतो, आणि इथे दोन्ही बाजूंची पातळी जेमतेम हलली. ब्रीदर मोकळा होता. गरम इंजिनाचे ग्लो प्लग जपून काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, पाहिले, तर चारही सिलिंडर २४ ते २७ बारच्या दरम्यान होते. रिंगा गेलेल्या नव्हत्या. इंजिन उतरवण्याचा विषय तिथेच संपला.

शेवटी रिटर्न पाईप सोडला. वरच्या फ्लँजला कंपनीचे धातूचे पॅकिंग नव्हतेच; त्याऐवजी लाल सिलिकॉन भरपूर लावून बोल्ट आवळले होते. जास्तीचे सिलिकॉन आत दबून घट्ट झाले होते आणि त्याचा पापुद्रा पाईपच्या तोंडावर पडद्यासारखा लोंबत होता, ज्याच्या कडेने काडी जाईल एवढीच वाट उरली होती. काही रुपयांचे पॅकिंग वाचवले गेले होते आणि त्यापायी तात्या इंजिनाच्या कामाचे पैसे मोजायच्या बेतात होते. ऑइलच्या वाटेवर सिलिकॉन लावण्याची ही सवय मला सहन होत नाही. बाहेर दिसते त्याच्या दुप्पट ते आत जाते, आणि सुटलेला तुकडा चेंबरमधील जाळीवर जाऊन बसला तर सगळ्या इंजिनाचे ऑइल तुटते. म्हणून चेंबर उतरवून जाळीही पाहिली. ती सुदैवाने स्वच्छ होती.

पण पहिला टर्बो का गेला होता? तात्यांनी गोणी सोडली. त्या टर्बोच्या हवेकडच्या चाकाची पाती पुढच्या कडेला कानशीने घासावी तशी बोथट झाली होती आणि शाफ्ट इतका डुलत होता की चाक घराला टेकत होते. अॅल्युमिनियमची पाती अशी झिजतात ती धुळीने. एअर फिल्टरची पेटी उघडली तेव्हा फिल्टरच्या पलीकडे, जिथे कणभरही माती असता कामा नये, तिथे जांभ्याची तांबडी धूळ बोटाला लागली. पेटीची एक क्लिप तुटून ती बाजू उघडी राहिली होती. तात्यांची दुसरी बाग चिरेखाणीच्या पलीकडे आहे आणि हंगामभर गाडी चिऱ्यांच्या ट्रकमागून, त्या धुरळ्यातूनच जात होती. ही क्लिप तशीच राहिली असती तर नवा टर्बोही दोन हंगामांत गेला असता, आणि मागोमाग रिंगाही.

नवे धातूचे पॅकिंग घालून पाईप बसवला, ऑइल येण्याची नळी तपासली, ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदलले, पेटीला नवी क्लिप लावली. टर्बोच्या वरच्या भोकातून थोडे ऑइल ओतून, इंजेक्टरांचे कनेक्टर काढून, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवला, कारण कोरड्या बेअरिंगवर पहिले फेरे झाले तर नवा टर्बोही तेवढ्यात खराब होतो.

गाडी सुरू केली आणि धूर आलाच. तात्या माझ्याकडे पाहू लागले. सायलेन्सरमध्ये आधीचे ऑइल मुरलेले असते आणि ते जळून जायला वेळ लागतो, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. चांगले दुरुस्त झालेले काम याच टप्प्यावर घाबरून पुन्हा खोलले जाते. आम्ही पाली ओलांडून साखरप्याकडे निघालो. साखरप्यापर्यंत धूर विरळ झाला आणि आंबा घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये तो पूर्ण थांबला. घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेऊन इंजिन बराच वेळ आयडलिंगला ठेवले, पुतण्याला मागे उभे केले आणि रेस दिली. "काही नाही!" तो ओरडला. तात्या स्वतः उतरून मागे गेले, रेस पुन्हा द्यायला लावली आणि मगच परत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पीयूसीच्या यंत्रावर आकडा १ च्या खाली आला. कंपनीच्या पुस्तकातील एअर फिल्टरचे अंतर डांबरी रस्त्याचे आहे, चिरेखाणीच्या वाटेला ते निम्म्यावर आणा आणि दर वेळी क्लिपा बसल्या की नाही ते हाताने पाहा, एवढे मी पुतण्याला सांगितले. ऑइलची पातळीही दर आठवड्याला पाहून कळवायला सांगितली होती. पावसाळ्याच्या मध्यावर त्याचा फोन आला, तोवर ती खुणेवरून उतरली नव्हती.