केळीच्या पानात वाफवलेलं मटोके: युगांडाच्या घरगुती पद्धतीचा माझा अनुभव

मटोके म्हणजे शिजवून खायची हिरवी केळी, आणि ती वाफवून, दाबून केलेला मऊ गोळाही; तो शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर खायचा. कंपालाच्या बाजारात केळी घ्यायला गेलं की आधी जात बघावी लागते. पिकलेली मोठी खायची ती बोगोया, छोटी गोड ती न्दीझी, निखाऱ्यावर भाजायची लांबलचक ती गोंजा. दारू गाळायची तुरट केळी, एंबिदे, दिसायला मटोकेसारखीच हिरवी, पण शिजवून खाण्यालायक नाहीत. मटोकेसाठी हवी नाकितेंबे, किबुझी किंवा म्ब्वाझिरुमे. जात ओळखू येत नसेल तर विकणाऱ्या बाईंनाच ‘कुठली मऊ शिजते’ म्हणून विचारावं.

केळं पूर्ण भरलेलं पण कच्चंच हवं. सालीच्या धारा बोथट झालेल्या असाव्यात, रंग गर्द हिरवा असावा. कोवळं केळं शिजूनही पांढरट आणि चिवट राहतं. पिवळेपणाकडे झुकलेलं घेतलं तर गोडसर, चिकट गोळा होतो आणि शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर तो मुळीच चांगला लागत नाही. चार माणसांना सालीसकट साधारण दोन किलो पुरतात.

सोलण्याआधी हाताला आणि सुरीला तेल लावायचं. केळफूल निवडताना लावतो तसंच, कारण चीक तोच आणि कपड्यावर पडलेला डागही तसाच, न जाणारा. दोन्ही टोकं उडवून सुरी उभी चालवायची. साल जाड काढायची, सालीखालचा हिरवा थर गरावर राहता कामा नये. सोललेली केळी लगेच पाण्यात टाकायची आणि दोन पाण्यांतून काढून चीक धुवायचा. हे नीट केलं नाही की शिजल्यावर मटोके करडं दिसतं आणि तोंडात तुरटपणा रेंगाळतो.

आता पानं. चार-पाच मोठी, न फाटलेली. मधला जाड दांडा सुरीने तासून काढायचा, पण फेकायचा नाही. मग पान आचेवरून हळूहळू फिरवायचं. फिकट हिरवा रंग एकदम गडद आणि तकतकीत झाला की पान वळायला तयार. न शेकलेलं पान दुमडताना शिरेच्या रेषेत फाटतं आणि त्या फटीतून वाफेचं पाणी आत शिरतं. दोन पानं आडवी-उभी टाकून मध्ये केळी रचायची, कडा घट्ट गोळा करायच्या आणि केळीच्या वाळक्या सोपटाच्या दोरीने बांधायचं. दोरी आधी भिजवली तर तुटत नाही.

खोल पातेल्याच्या तळाशी त्या तासलेल्या दांड्यांचे तुकडे आडवे-उभे रचायचे, चार बोटं उंच. त्यात दांड्यांच्या थराखाली राहील इतकंच पाणी. गाठोडं गाठ वर करून ठेवायचं, उरलेली पानं वरून आणि कडेने खोचायची, म्हणजे वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही. सगळा पदार्थ वाफेवर व्हायला हवा. गाठोड्याला खालून पाणी लागलं तर तळाची केळी पचपचीत होतात. कुकरमध्ये पाण्यात उकडून, कुस्करूनही केळी मऊ होतात, पण पानाचा वास आणि तो रेशमी पोत त्यात येत नाही. माझ्या मते तो वेगळाच पदार्थ आहे.

मोठ्या आचेवर तासभर ते सव्वा तास. मध्ये पाणी कमी झालंच तर उकळतं पाणी कडेने सोडायचं, गार पाण्याने वाफ बसते. केळी मऊ झाली का, ते पानावरून दाबून कळतं. मग गाठोडं बाहेर काढून, जाड फडक्यात धरून, न सोडता पानावरूनच तळहाताने दाबायचं, फिरवत, सगळीकडून. हे गरम असतानाच व्हायला हवं. गार झाल्यावर आतला पिठूळपणा घट्ट बसतो आणि मग कितीही दाबा, गुठळ्या मोडत नाहीत.

दाबलेलं गाठोडं पुन्हा पातेल्यात ठेवून मंद आचेवर आणखी पाऊण ते एक तास. घाईत हीच वाफ वगळली जाते, आणि चव तर तिनेच येते. पहिल्या वाफेनंतर रंग फिकट पिवळा असतो, दुसरीनंतर तो सोनेरी होतो आणि गोळा एकजीव, लोण्यासारखा सुटतो. मटोकेत मीठ घालत नाहीत, ते रश्शात.

रस्सा म्हणजे बिन्येब्वा. दोनशे ग्रॅम शेंगदाण्यांचा बारीक कूट, लाल सालीसकट, तोही कच्चा. सालीमुळेच रश्शाला जांभळट-गुलाबी छटा येते. एक कांदा आणि दोन टोमॅटो चिरून थोड्या पाण्यात मऊ करायचे, गार पाण्यात कालवलेला कूट ओतायचा, एकूण पाणी पाऊण लिटर. मीठ. फोडणी नाही, मिरची नाही, गूळ नाही, दाण्याच्या आमटीची सवय बाजूला ठेवावी लागते. पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवायचं नाही, कूट तळाला लगेच धरतो. झाकणही ठेवायचं नाही, क्षणात उतू जातं. मग मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, वर तेलाचे थेंब दिसेपर्यंत. कच्चट वास राहिला असेल तर अजून उकळायला हवं.

गाठोडं ताटात वाढायच्या वेळीच सोडायचं, तोवर पातेल्यातच गरम ठेवायचं. महाराष्ट्रात भाजीची कच्ची केळी वापरून हेच करता येतं. ती लवकर शिजतात, म्हणून पहिली वाफ पाऊण तासातच तपासावी. गोळा थोडा भरड आणि रंगाला फिका होतो, तेव्हा दाबताना जास्त जोर लावावा. उरलेलं मटोके फ्रीजमध्ये वडीसारखं घट्ट होतं. ते पुन्हा कुस्करू नये, जाड कापं करून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतावीत.