भिंतीवर न टांगायची चित्रे

शेकर हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ; त्याचे नाव घेतले की शिडीसारख्या पाठीची खुर्ची आणि लाकडाची लंबगोल डबी एवढेच बहुतेकांना आठवते. मीही त्यांतलीच होते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात भरलेल्या प्रदर्शनामुळे माझे लक्ष प्रथमच शेकर स्त्रियांच्या चित्रांकडे गेले. ही चित्रे मॅसॅच्युसेट्समधील हँकॉक येथील शेकर वस्तीच्या संग्रहातली होती.

पंथाची प्रमुख मदर अ‍ॅन ली १७७४ साली मोजक्या अनुयायांसह इंग्लंडहून अमेरिकेत आली. ब्रह्मचर्य, सामायिक मालमत्ता आणि कारभारात स्त्री-पुरुषांना बरोबरीचे स्थान हे या पंथाचे नियम होते. १८३७च्या सुमारास वस्त्यांमध्ये दृष्टान्तांची लाट उसळली आणि परलोकातून आलेली ‘भेट’ म्हणून गाणी, संदेश व चित्रे उतरू लागली. चित्रे काढणाऱ्या प्रामुख्याने स्त्रियाच होत्या. चित्र आपले नसून आपल्या हातून केवळ उतरले आहे, अशी श्रद्धा असल्याने बऱ्याच जणींनी त्यावर नावही घातले नाही.

हॅना कहून मात्र नाव घालत असे. दोन मुलांना घेऊन हँकॉकला आलेल्या या बाईने ३ जुलै १८५४ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, कागदावर एका झाडाचा आराखडा दिसल्याची नोंद ‘जीवनवृक्ष’ या चित्राखालीच केली आहे. पाने आडव्या-उभ्या रेघांनी चौकटीदार केलेली आहेत, आणि ती तशीच दिसली होती, हेही ती आवर्जून सांगते. फांद्या बारीक आणि फळे मात्र चांगली थोराड, गोल. झाडाचे नाव काय, असे तिने दिवंगत मदर अ‍ॅनला विचारले, तर उत्तर १ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास दुसऱ्याच एका व्यक्तीच्या हातून लिहून आले. दृष्टान्ताची इतकी काटेकोर, जवळजवळ कारकुनी नोंद वाचताना मला हसू आले आणि बाईंबद्दल आदरही वाटला.

शेकरांच्या नियमांत भिंतीवर शोभेची चित्रे लावण्यास मनाई होती, त्यामुळे ही चित्रे जपून ठेवली जात, टांगली जात नसत. आज ती चौकटीत, मंद प्रकाशात लटकतात, आणि त्यावाचून ती माझ्यासारखीला दिसलीही नसती.

अशा प्रदर्शनांत पॉप्लरच्या शिवणपेट्यांनाही अधिक जागा मिळावी, असे मला वाटते. पॉप्लर लाकडाच्या अगदी पातळ पट्ट्या सुती ताण्यावर मागात विणायच्या, त्या कापडासारख्या विणीला मागून कागद चिकटवायचा, त्याची पेटी बनवून कडांना पांढरे मऊ कातडे व आत साटीनचे अस्तर लावायचे. मग टाचण्यांची उशी, सुयांचे पुस्तक, मेणाचा गोळा आणि सुया घासण्यासाठी स्ट्रॉबेरीच्या आकाराची चिमुकली पिशवी, हे सारे रिबिनीने आत बांधायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुष सभासद घटत गेले, तेव्हा भगिनींनी विकलेल्या अशाच वस्तूंवर अनेक वस्त्यांचा संसार चालला. हँकॉकची वस्ती १९६० साली बंद झाली आणि तिथे संग्रहालय उभे राहिले.