सी चार्टचा नुसता फोटो नको, आकडे पण ठेवा

मी बरेच दिवस डिफेक्टचा सी चार्ट (प्रत्येक नमुन्यात किती डिफेक्ट सापडले ते वरच्या-खालच्या लिमिटसकट दाखवणारा आलेख) काढायचो, चित्र कॉपी करून रिपोर्टमध्ये टाकायचो आणि झालं. मग एकदा जुन्या डेटाखाली नवीन नोंदी जोडून तोच चार्ट परत चालवला तर आधी लाल (म्हणजे लिमिटच्या बाहेर) दिसलेला पॉइंट चक्क आत गेलेला, जुन्या डेटात तर काहीच बदललं नव्हतं!

बदलली होती सरासरी. बघा, सी चार्टची लिमिट म्हणजे सरासरी अधिक-उणे 3 गुणिले तिचं वर्गमूळ. सरासरी 9 असताना वरची लिमिट 18 (खालची 0), म्हणजे 20 डिफेक्टचा नमुना बाहेर. नवीन नोंदींनी सरासरी 12.25 झाली की वरची लिमिट 22.75, आणि तोच 20 आत. खरं तर सरासरी वाढणं हाच मोठा इशारा, आणि तोच झाकला जातो.

म्हणून आता मी सेंटर लाइन (म्हणजे सरासरी), दोन्ही लिमिट आणि बाहेरचे पॉइंट वेगळे सेव्ह करतो. मिनिटॅब या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्टच्या ऑप्शन्समध्ये स्टोरेज असतं, तिथे टिक केलं की आकडे वर्कशीटच्या कॉलममध्ये येतात. आर (R) या प्रोग्रामिंग भाषेत क्यूसीसी (qcc) पॅकेज वापरत असाल तर सगळं चार्टच्या ऑब्जेक्टमध्येच असतं, फक्त फाइलमध्ये सेव्ह करायला विसरू नका. यू चार्ट (प्रति युनिट डिफेक्टचा चार्ट) असेल तर नमुन्याचा साइज पण ठेवाच, कारण तिथे साइज बदलला की लिमिट प्रत्येक पॉइंटला वेगळी येते. आणि नवीन डेटा आला की या जुन्या लिमिटवरच तपासा, प्रोसेस मुद्दाम सुधारली असेल तेव्हाच लिमिट नव्याने काढा.