नलारबोर आणि दोन सिलेंडर

कुकरची दुसरी शिट्टी होता होता राहिली. शिट्टी जरा वर उचलली गेली, फुसफुसली आणि पुन्हा खाली बसली. मी वाकून बर्नर पाहिला तर निळी ज्योत आक्रसून नखाएवढी झाली होती. बघता बघता तीही गेली. लायटर लावून पाहिला, नुसतीच ठिणगी.

जुलै महिना होता, म्हणजे ऑस्ट्रेलियातला हिवाळा. मेलबर्नहून निघून आम्हाला तेरा दिवस झाले होते. गाडीत मी आणि नवरा, मागे जोडलेली सोळा फुटी जुनी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, आणि तिच्यात दोन आठवड्यांचा शिधा. त्या दिवशी सकाळी दक्षिण किनाऱ्यावरच्या हेड ऑफ बाइटला देवमासे पाहिले होते. मे ते ऑक्टोबर या काळात सदर्न राइट जातीचे देवमासे पिल्लांना जन्म द्यायला तिथं येतात. कड्यावरच्या लाकडी पुलावर उभं राहिलं की पायाखालीच आई आणि पिल्लू संथपणे पहुडलेले दिसतात. त्या दृश्यावर वेगळं लिहायला हवं. आज मात्र त्या रात्रीबद्दल लिहिते आहे, कारण कॅरव्हॅन घेऊन निघणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा थेट उपयोग आहे.

नलारबोर हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं विस्तीर्ण उजाड मैदान. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘एकही झाड नाही’. सेदुनापासून नॉर्समनपर्यंत साधारण 1200 किलोमीटर, आणि वाटेत गाव म्हणावं असं काही नाही, फक्त रोडहाउसं, म्हणजे पेट्रोल, खाणं आणि मुक्कामाची सोय असलेले थांबे. दोन रोडहाउसांत कधी साठ-सत्तर किलोमीटरचं अंतर, कधी दीडशे-दोनशेचं. आम्ही नलारबोर रोडहाउस मागे टाकून रस्त्यालगतच्या मुक्कामाच्या मोकळ्या जागेत थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडायची होती. हद्दीवर तपासणी असते. ताजी फळं, भाज्या, मध, रोपं यातलं काही पुढे नेता येत नाही. बाहेरची कीड आणि रोग तिथल्या शेतीत शिरू नयेत म्हणून हा नियम आहे, आणि तो सगळे मनापासून पाळतात. शिजवलेलं अन्न मात्र चालतं. आमच्याकडे एक अख्खा कोबी, किलोभर गाजरं, कांदे, बटाटे आणि मोड आलेली मटकी शिल्लक होती. अन्न टाकायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून त्या संध्याकाळी सगळं शिजवून डबे भरायचे ठरवलं होतं.

मटकी कुकरमध्ये, कोबी चिरलेला, आणि गॅस बंद.

नवरा टॉर्च घेऊन बाहेर गेला. कॅरव्हॅनच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर साडेचार किलोचे दोन सिलेंडर शेजारी शेजारी उभे असतात. दोघांतून एकेक लवचीक नळी निघते, तिला पिगटेल म्हणतात, आणि दोन्ही नळ्या चेंजओव्हर व्हॉल्व्हला येऊन मिळतात. आमचा व्हॉल्व्ह ऑटोमॅटिक. त्याची खिडकी लालभडक झालेली होती.

“अगं, दोन्ही रिकामे आहेत,” तो म्हणाला. मला खरं वाटेना. मी स्वतः दोन्ही हलवून पाहिले. आतून काहीच हिंदकळलं नाही.

ऑटोमॅटिक चेंजओव्हरचं काम असं चालतं. वरचा खटका ज्या सिलेंडरकडे वळवलेला असतो तो चालू सिलेंडर, दुसरा राखीव. व्हॉल्व्ह चालू सिलेंडरमधला गॅस जरा जास्त दाबाला घेतो आणि राखीवमधला जरा कमी दाबाला. चालू सिलेंडरमध्ये दम आहे तोवर राखीवची वाट उघडतच नाही. तो संपत आला, दाब खाली उतरला की राखीवची वाट आपोआप उघडते. आत भाजी परतणाऱ्या माणसाला काही कळतही नाही, ज्योत हलत नाही. पुढे रेग्युलेटर तो दाब 2.75 किलोपास्कलवर आणतो, आणि शेगडी, फ्रिज, पाण्याचा हीटर सगळे त्याच दाबावर चालतात. झालेला बदल सांगते ती फक्त व्हॉल्व्हवरची खिडकी. हिरवी असेल तर चालू सिलेंडरमध्ये गॅस आहे, लाल झाली तर तो संपला आणि आपण राखीववर आहोत. ही खिडकी बाहेर असते, झाकणाच्या आत, गुडघ्याच्या उंचीवर. थंडीच्या संध्याकाळी तिथं वाकून कोण बघतं?

प्रवासात गाडी चालू असताना आम्ही दोन्ही नॉब बंद ठेवत होतो, ते योग्यच होतं. पण मुक्कामाला पोचलो की नवरा सवयीनं दोन्ही उघडायचा. बहुधा वाटेतल्या फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरांतच पहिला सिलेंडर संपला असणार. तिथं पाच रात्री विजेशिवाय होतो, फ्रिज चोवीस तास गॅसवर. त्यानंतर आठवडाभर आम्ही राखीववर चाललो होतो आणि दोघंही मनात धरून होतो की अजून एक भरलेला आहे.

त्या रात्री हिशेब मांडायचं सुचलं नाही, नंतर मांडला. एक किलो एलपीजीत साधारण 49 मेगाज्यूल ऊर्जा असते. आमचा मोठा बर्नर तासाला साडेसात मेगाज्यूल खातो, म्हणजे तासभर पूर्ण आचेवर चालला तर दीडशे ग्रॅम. फ्रिज दिवसाला तीनशेच्या आसपास. पाण्याच्या हीटरची टाकी 22 लिटरची, ती थंडगार पाण्यापासून एकदा तापवायची तर पुन्हा दीडशे. दोघांच्या अंघोळी, दोन वेळचा स्वयंपाक आणि चार वेळा चहा धरला की दिवसाला सातशे-साडेसातशे ग्रॅम सहज जातात. साडेचार किलोला सहा दिवस. कागदावर इतकं सोपं आहे हे.

आता स्वयंपाकाचं काय? आमच्याकडे पत्र्याच्या डब्यातल्या गॅसवर चालणारी छोटी शेगडी होती आणि 220 ग्रॅमचे दोन डबे. ती बंद जागेत लावायची नाही, म्हणून कॅरव्हॅनच्या आडोशाला बाहेर मांडली. हवेत तेव्हा तीन अंश. पाच-सात मिनिटं ज्योत छान लागली, मग पिवळट, मग मरगळलेली. या डब्यांत ब्यूटेन असतं. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, त्याच्या खाली गेलं की वाफ होऊन वर येईनासं होतं. हवा तीन अंशांची असली तरी गॅस बाहेर पडताना डबा स्वतःच आणखी गार पडत जातो. मोठ्या सिलेंडरमधलं प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वाफ देत राहतं, म्हणून थंड मुलखात कॅरव्हॅनवाले प्रोपेनच वापरतात. हे मला वाचून माहीत होतं, पण हाताला त्या डब्याचा बर्फासारखा गारठा लागला तेव्हा खरं समजलं.

डबा आचेजवळ तापवायचा नाही, हे तर ठरलेलंच. मग मी एक डबा जॅकेटच्या आत पोटाशी धरला आणि दुसरा शेगडीत. शेगडीतला थकला की बंद करायचा, काढायचा, आतला लावायचा, थकलेला पोटाशी. असं साडेदहापर्यंत चाललं. मटकी शिजली, कोबी झाला, बटाट्याची सुकी भाजी झाली. वर आकाशगंगा इतकी स्पष्ट होती की नवरा मधेच टॉर्च बंद करून उभा राहिला. फ्रिजला गॅस नव्हता, म्हणून दूध-दही गाडीच्या डिकीत ठेवलं. बाहेरच्या थंडीनं ते सांभाळलं.

सकाळी हद्दीवर अधिकाऱ्यानं फ्रिज, कपाटं, गाडीची डिकी सगळं पाहिलं. आलं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता आणि अर्धी मधाची बाटली तिथल्या डब्यात गेली. आमचे भरलेले डबे त्यानं उघडून पाहिले आणि परत दिले.

पुढे गॅस मिळवायला दोन रोडहाउसं पालथी घालावी लागली. पहिल्या ठिकाणी जाळीच्या पिंजऱ्यात अदलाबदलीचे सिलेंडर होते, पण सगळे मोठ्या मापाचे. कॅरव्हॅनवरच्या सिलेंडर धरायच्या कड्यात त्यातला एकही बसेना. सैल सिलेंडर घेऊन पुढे जाणं मला मान्य नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी भरून देत होते. तिथल्या बाईंनी आधी दोन्ही सिलेंडरच्या कॉलरवर, म्हणजे तोंडाभोवतीच्या पट्टीवर, कोरलेली चाचणीची तारीख बोट लावून वाचली. ऑस्ट्रेलियात दर दहा वर्षांनी सिलेंडरची पुन्हा तपासणी व्हावी लागते, मुदत उलटलेला भरून देत नाहीत. एक चालला. दुसऱ्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती, त्यांनी तो शांतपणे बाजूला ठेवला. भारतात सिलेंडरच्या वरच्या पट्टीवर ए-27, सी-28 असं लिहिलेलं असतं, तेही हेच: अक्षर तिमाहीचं, आकडा वर्षाचा. सांगलीत माझी आई नवा सिलेंडर आला की ते वाचल्याशिवाय माणसाला जाऊ देत नसे, आणि काट्यावर वजन करून घेत असे. मी जुनी कॅरव्हॅन विकत घेताना टायर पाहिले, छत पाहिलं, गादी पाहिली. सिलेंडरची तारीख पाहिली नव्हती.

भरून झाल्यावर त्या बाईंनी सिलेंडरवर वरून खालपर्यंत मगभर गरम पाणी ओतलं आणि म्हणाल्या, हात फिरवून बघ. वरचा पत्रा उबदार लागला, आणि एका रेषेखाली एकदम गार. आतलं द्रव ऊब ओढून घेतं, म्हणून ती रेषा म्हणजे गॅसची पातळी. पूर्ण भरलेल्या सिलेंडरमध्येही ती काठापर्यंत नसते. द्रव ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरतात, वर फुगायला जागा ठेवतात. याहून नेमकं हवं तर ताणकाटा: कॉलरवर रिकाम्या सिलेंडरचं वजन कोरलेलं असतं, ते वजा केलं की उरतो तो गॅस.

नळी जोडताना एक गोष्ट हाताला शिकवावी लागते. जुन्या पद्धतीच्या जोडाला उलटे आटे असतात, घट्ट करायला डावीकडे फिरवायचं. मग साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं. मी दर वेळी लावते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला की जमिनीलगत साचतो, आणि कॅरव्हॅनमध्ये आपण जमिनीपासून हातभर उंचीवर झोपतो.

त्या एका सिलेंडरवर आम्ही नॉर्समनपर्यंत गेलो. वाटेतल्या बॅलाडोनिया रोडहाउसच्या अलीकडे 146.6 किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. त्या सरळ रस्त्यावर आमचं बोलणं गॅसचंच चाललं होतं. नवऱ्याचं म्हणणं, जुना हाताने फिरवायचा चेंजओव्हर बसवून घेऊ, संपला की ज्योत विझेल आणि कळेल. माझं म्हणणं वेगळं होतं, आणि अजूनही तेच आहे: व्हॉल्व्ह ऑटोमॅटिकच असू दे, फक्त राखीव सिलेंडरचा नॉब बंद ठेवायचा. दोन्ही उघडे असले की राखीव हा राखीव राहत नाही, तो नुसता लांबलेला पहिला सिलेंडर होतो. शिवाय एखादी नळी गळू लागली तर दोन्ही जातात. मध्यरात्री थंडीत उठून नॉब उघडावा लागेल, हे खरं. लहान मूल बरोबर असेल, हीटर गॅसवर असेल, तर दोन्ही उघडे ठेवणाऱ्यांना मी नाव ठेवणार नाही. त्यांनी रोज संध्याकाळी ती खिडकी बघावी.

नॉर्समननंतर दुसरा सिलेंडर नवा घेतला. त्याला नव्या पद्धतीचं तोंड होतं, हाताने उजवीकडे फिरवून घट्ट करायचं, म्हणून जुन्या पिगटेलसाठी जोडतुकडा घ्यावा लागला. दोन्हींवर पांढरी टेप चिकटवली. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर सिलेंडर लावल्याची तारीख लिहायची, तशी मी टेपवर लिहू लागले.

पुढे किनाऱ्यावरच्या एस्पेरन्स गावाला पोचल्यावर तिसऱ्या सकाळी पोहे करताना ज्योत बारीक झाली. त्याआधी दोन दिवस गॅसचा वास जरा उग्र येत होता. सिलेंडर तळाला आला की वासासाठी मिसळलेलं द्रव्य दाट होतं, घरीही हे अनुभवलेलं होतं. ज्योत विझली तशी मी आधी शेगडीची सगळी बटणं बंद केली, फ्रिज आणि हीटर बंद केले, मग बाहेर आले. संपलेल्याचा नॉब बंद केला, राखीवचा हळूच उघडला, खटका त्याच्याकडे वळवला. खिडकी हिरवी झाली. जोडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. टेपवर लिहिलं, ‘उजवा, 26 जुलै’. संपलेला त्याच दुपारी भरून आणायचं नवऱ्याला सांगितलं, आणि पोहे भिजून मऊ व्हायच्या आत फोडणीला घालायला आत गेले.