४१ पेशंट, एकच बोळ

सकाळी पावणेसातला आजींचा फोन. "पोरा, रात्री आठपास्नं उपाशी हाय मी. तुमचा माणूस कुठं हाय?"

आजी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या. रक्त घ्यायला गेलेला आमचा पोरगाही शिवाजी पेठेतच, नकाशावरच्या टिपक्यावर अगदी बरोबर उभा. "दादा, हितं बंद पडलेली गिरणी हाय."

मी एका लॅबमध्ये घरी जाऊन सॅम्पल घ्यायच्या फेऱ्या लावतो. आठवड्यापूर्वीच सगळे पत्ते ऑनलाइन नकाशाच्या टूलमध्ये एकगठ्ठा टाकले होते. भराभर अक्षांश-रेखांश आले, साहेबांची शाबासकीही मिळाली.

आजींचा टिपका मोठा करून बघितला, तर तो एक नव्हताच. एकावर एक बसलेले ४१! शिवाजी पेठेतले ४१ पेशंट त्या गिरणीच्या दारात. टूलला घर सापडलं नाही की ते रस्ता शोधतं, रस्ता नाही मिळाला की पेठ, आणि मग पेठेचा मध्य काढून हातावर ठेवतं. घर मिळालं का नुसती पेठ, हे ते एका रकान्यात सांगतही असतं. तो रकाना मीच फालतू म्हणून उडवलेला.

आणि आपले पत्ते तरी कसले! चार आकडी नंबर, ए वॉर्ड, पेठ, संपलं. घर सापडलं नाही तर काही टूल नंबर रस्त्यानं ओळीत चढतात असं धरून अंदाज बांधतात. आपले हे नंबर सिटी सर्व्हेचे, म्हणजे जमिनीच्या मोजणीत जागेला दिलेले. शेजारच्या दाराचा नंबर कुठल्या कुठं.

बाकीचे घोळ निदान हसण्यासारखे होते. पुढं कोल्हापूर न लिहिलेल्या मंगळवार पेठा पुण्यात निघाल्या, एक शाहूपुरी साताऱ्याला गेली. एका ओळीत अक्षांश १६.७ आणि रेखांश ७४.२ उलटे पडले, तर ते मामा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! असली चूक लांबून दिसते. गिरणीचा टिपका मात्र आठवडाभर कुणाला खटकला नाही, कारण तो पेठेतच होता.

शेवटी आजींनाच विचारलं. "तालमीच्या मागं, पिंपळाकडनं आत, निळं दार." पोरानं तालमीत विचारलं, तर जोर मारणारा एक पैलवान अंगाची माती झटकत उठला आणि दारापर्यंत सोडून आला. सव्वासातला सॅम्पल निघालं.

त्या दिवशी दुपारपर्यंत फोनवरच होतो. नुसत्या पेठेवर थांबलेले सगळे पत्ते वेगळे काढले, शोध कोल्हापूरच्या हद्दीत बांधून घेतला, आणि पहिल्या फेरीला दारात उभं राहूनच लोकेशन पाठवायचं, असं पोरांना सांगितलं. 'खूण' म्हणून एक रकानाही वाढवला.

दिवाळीत आजींनी दार रंगवलं. आता त्या रकान्यात 'हिरवं' लिहिलंय.