अभ्यासपूर्ण

लेख पाठवून पाच आठवडे उलटल्यावर एका अंकाच्या संपादकांचा निरोप आला : ‘लेख वाचला. अभ्यासपूर्ण आहे.’ एवढेच. कोशाप्रमाणे हा शब्द गौरवाचा आहे. पण मराठीत थोडेफार लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, लेख खरोखर आवडला असता तर हे विशेषण असे एकटे आले नसते, त्याच्या सोबतीला ‘वाचनीय’, निदान ‘छान’ तरी असते.

पुण्यात नोकरीसाठी आलेल्या अमराठी मंडळींना मी मराठी शिकवतो, त्यामुळे अशा शब्दांशी माझी रोज गाठ पडते. माझा एक केरळी विद्यार्थी संध्याकाळी उशिरा तुळशीबागेत गेला, तेव्हा बांगड्यांचे खोके उचलत दुकानदार त्याला म्हणाला, ‘आता दुकान वाढवतोय, उद्या या.’ विद्यार्थ्याने त्याचे मनापासून अभिनंदन केले आणि दुसऱ्या दिवशी मला विचारले, की एवढ्याशा गाळ्यात तो माणूस दुकान वाढवणार तरी कुठे? मग त्याला सांगावे लागले, की बंद होणे, फुटणे, विझणे ही अशुभ क्रियापदे तोंडून निघू नयेत म्हणून आपल्याकडे दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, बांगडी वाढते आणि दिवाही वाढवतात. ही विपरीत लक्षणा, म्हणजे शब्द त्याच्या नेहमीच्या अर्थाच्या उलट अर्थाने वापरणे. पण ती इतकी मुरली आहे, की तिचा अर्थ आता कोशातही मिळतो, आणि एकदा सांगितला की विद्यार्थी तो पाठ करू शकतो.

‘अभ्यासपूर्ण’चे तसे नाही. तिथे काम व्यंजनेचे, म्हणजे शब्दांत नसलेला अर्थ प्रसंगावरून सुचवण्याचे आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’त ‘गतोऽस्तमर्कः’ म्हणजे ‘सूर्य मावळला’ हे साधे वाक्य घेऊन दाखवले आहे, की वाच्यार्थ सर्वांना एकच असला तरी बोलणारा आणि ऐकणारा बदलला की सूचित अर्थ बदलतो : कोणाला ते गुरे आत घेण्याची आठवण देते, कोणाला संध्यावंदनाची, कोणाला विकायचा माल आवरण्याची, तर एखादीला प्रियकर यायची वेळ झाल्याची. हे अर्थ ‘मावळणे’ या क्रियापदात कितीही खणले तरी सापडत नाहीत. (शाळेत आम्हाला अभिधा, लक्षणा, व्यंजना यांच्या व्याख्या घोकायला लावल्या होत्या, सूर्य मावळला म्हणून गुरे घरात घ्या, असे कोणी सांगितले असते तर त्या विसरलो नसतो.)

माझ्या प्रसंगाला याहून जवळचे उदाहरण पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या, १९६७मध्ये हार्वर्डला दिलेल्या आणि १९७५मध्ये छापलेल्या व्याख्यानात आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी शिफारसपत्र लिहिताना एक प्राध्यापक एवढेच लिहितो, की विद्यार्थ्याचे इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित हजर असतो. पत्रात निंदेचा एक शब्द नाही. पण जे सांगायला हवे होते, ज्याची माहिती त्याला नक्की होती, तेच त्याने गाळले, हे वाचणाऱ्याला कळते आणि अर्थ त्या गाळलेल्या जागेतून येतो. ग्राइसने अशा अर्थाचे आणखी एक लक्षण सांगितले आहे : बोलणाऱ्याला तो कधीही मागे घेता येतो. दुकानदार ‘वाढवतोय म्हणजे मोठे करतोय’ असे म्हणू लागला तर लोक हसतील. शिफारस करणारा प्राध्यापक मात्र ‘मी वाईट कुठे म्हटले?’ असे सहज विचारू शकतो.

शेवटी न राहवून मी संपादकांना फोन केला आणि लेख कंटाळवाणा झाला आहे का, असे सरळच विचारले.

‘छे हो,’ ते म्हणाले, ‘अभ्यासपूर्ण म्हणजे अभ्यासपूर्ण. तुम्ही भाषेची माणसं फार खोलात जाता.’ आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, ‘दुसरं काही हलकंफुलकं असेल तर जरूर पाठवा.’